ऐकणाऱ्याच्या बाजूनें

सभेंत बोलावयास मिळावें ही इच्छा आपल्या समाजांत जितकी सार्वत्रिक आहे, तितकी ‘आपलें बोलणें लोकांनीं कां ऐकावें?’ ही चिंता सार्वत्रिक नाहीं. सत्कारसमारंभांतील चार शब्दांपासून संमेलनांतील अध्यक्षीय भाषणापर्यंत बहुतेक वक्ते असें धरून चालतात कीं, श्रोते हे खुर्च्या आणि सतरंज्या यांच्याबरोबर मंडपवाल्यानेंच पुरविलेले असतात. साहित्याच्या सभेंत यामुळें फारसें बिघडत नाहीं. कंटाळलेला श्रोता घरीं जातो, जेवतो आणि झोपतो. दुसऱ्या दिवशीं त्याच्या हातून कोणाचें बरेंवाईट होण्याचा संभव नसतो. परंतु ज्या सभेंतून उठलेला श्रोता दुसऱ्या दिवशीं रोग्याच्या उशाशीं उभा राहावयाचा असतो, त्या सभेची गोष्ट निराळी आहे. तेथें वायां गेलेला तास वक्त्याच्या किंवा श्रोत्याच्या खात्यावर पडत नाहीं. सभेला आलेलाच नसतो अशा एका तिसऱ्या माणसाच्या खात्यावर तो पडतो.

आम्ही इंग्रजीचे प्राध्यापक. वैद्यकशास्त्राशीं आमचा संबंध केवळ रोगी या नात्याचा, आणि तोहि शक्य तितका टाळलेला. असें असतां डॉक्टरांच्या परिषदेंत सत्र कसें मांडावें या विषयावर लिहिण्याचा अधिकार आम्हांस कोठून आला, असें वाचकांनीं विचारल्यास तें रास्तच होईल. अधिकार नाहीं; अनुभव मात्र आहे, आणि तो आमच्या भाचीमुळें आला. ही आमच्या थोरल्या बहिणीची मुलगी एम. डी. होऊन रत्नागिरी जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं सरकारी रुग्णालयांत काम करते. गेल्या वर्षीं डॉक्टरांच्या एका मोठ्या परिषदेकडे तिनें सर्पदंशावरील सत्राचा प्रस्ताव पाठविला होता. तो नाकारला गेला. यंदा उन्हाळ्याच्या सुटींत ती चार दिवस आमच्याकडे आली, ती तोच प्रस्ताव बरोबर घेऊन. “मामा, शास्त्राचें मी पाहतें. तुम्ही इंग्रजी तेवढें तपासून द्या,” असें म्हणून तिनें कागद आमच्या हातीं ठेवले. शिवून तयार झालेल्या सदऱ्यास इस्त्री करून द्यावी, तसें हें काम तिला वाटत होतें. वाचून पाहतां इंग्रजींत दोष काढण्यासारखें फारसें कांहींच नव्हतें. इस्त्री चांगली होती. सदरा कोणाच्या मापाचा आहे तेवढें कळत नव्हतें.

येथें डॉक्टरांच्या परिषदांची रीत थोडी सांगितली पाहिजे. आपल्याकडे इंडियन मेडिकल असोसिएशन १९२८ सालीं व असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया १९४४ सालीं स्थापन झाली. पुढें एकेका अवयवासाठीं आणि एकेका रोगासाठीं निराळ्या संस्था निघाल्या, व त्यांचीं वार्षिक अधिवेशनें भरूं लागलीं. मोठ्या अधिवेशनांत एकाच वेळीं अनेक दालनांत सत्रें चालूं असतात. कोणतीं सत्रें घ्यावयाचीं हें ठरविण्याचें काम एका समितीकडे असतें. ती कांहीं महिने आधीं प्रस्ताव मागविते. सत्राचें नांव, तें कोणासाठीं आहे, त्याची गरज काय, श्रोत्यानें तेथून काय घेऊन जावें, वक्ते कोण, वेळेची वांटणी कशी, आणि वक्त्यांचे कोणत्या कंपनीशीं पैशाचे संबंध आहेत काय, एवढें सारें दोन-तीनशें शब्दांत लिहून द्यावयाचें असतें. पुष्कळ ठिकाणीं प्रस्तावकाचें नांव झांकून परीक्षकांकडून गुण मागविले जातात. हे परीक्षकहि बिचारे डॉक्टरच; दिवसभर रोगी तपासून रात्रीं ते हे गठ्ठे वाचावयास बसतात. उत्तरपत्रिका तपासून ज्यांचे डोळे शिणले आहेत अशा आमच्यासारख्यांस त्यांची मनःस्थिति समजावयास वेळ लागत नाहीं. तीस उत्तरपत्रिकांत एकच प्रस्तावना वाचल्यावर एकतिसावींत पहिलेंच वाक्य मुद्द्याचें निघालें, म्हणजे परीक्षकाची पाठ आपोआप ताठ होते!

शिवाय, डॉक्टरानें दर पांच वर्षांत निदान ३० तास अशा शिक्षणांत घालवावे, असें २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांत सांगितलें आहे. हेतु उत्तम आहे. परंतु त्यामुळें दालन भरलें म्हणजे सत्र चांगलें झालें, हा पुरावा मात्र राहिला नाहीं. हजेरीसाठीं भरलेला वर्ग आणि गोडीनें भरलेला वर्ग यांतील भेद प्राध्यापकास कोणी शिकवावयास नको.

आतां भाचीच्या मसुद्याकडे वळूं. त्याचें नांव, मराठींत सांगावयाचें तर, ‘सर्पदंश : एक सर्वांगीण आढावा’ असें होतें. वेळ नव्वद मिनिटें. चार वक्ते, प्रत्येकास वीस मिनिटें, आणि शेवटीं दहा मिनिटें प्रश्नोत्तरें. पहिला वक्ता काल्मेतनें १८९० नंतरच्या दशकांत केलेल्या प्रयोगांपासून प्रतिविषाचा इतिहास सांगणार. दुसरा विषारी सापांच्या जाती वर्णन करणार. तिसरा उपचारांविषयीं बोलणार. आणि चौथा ‘भावी दिशा’ दाखविणार. चौघेहि नांवाजलेले आणि चौघेहि मोठ्या शहरांतील. उद्दिष्टांत लिहिलें होतें कीं, श्रोत्यांस सर्पदंशाच्या समस्येची जाणीव होईल, उपचारांचें महत्त्व समजेल व अद्ययावत् ज्ञानाचा परिचय होईल. आरंभीं एक मोठा आंकडा होता : २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणें २००० ते २०१९ या काळांत भारतांत सर्पदंशानें दरसाल सरासरी सुमारें ५८,००० माणसें दगावलीं.

यांतील एकहि विधान खोटें नव्हतें, एकहि वाक्य अशुद्ध नव्हतें; आणि तरीहि, या सत्रास गेलों नाहीं तर आपलें काय अडेल, हें वाचून झाल्यावर आम्हांस सांगतां येईना. आढावा हा शब्दच मोठा फसवा आहे. ज्यास कांहीं विशेष सांगावयाचें नसतें तोहि आढावा घेतो. आणि ज्यास पुष्कळ सांगावयाचें असतें, पण त्यांतील काय सोडावें हें ठरवितां येत नाहीं, तोहि आढावाच घेतो. भाची या दुसऱ्या वर्गांतली.

इंग्रजी बाजूस ठेवून आम्हीं तिला विचारलें, “तुझ्या सत्राला कोण येईल?”

“कोणीहि. साप चावलेला रोगी कोणाकडेहि येऊं शकतो.”

“मुंबईंतला हृदयरोगाचा डॉक्टर येईल?”

“तो कशाला येईल?”

“मग कोण येईल तें सांग. एकच माणूस सांग. तो कोठें काम करतो, त्याच्या हाताशीं काय असतें, आणि साप चावलेला रोगी त्याच्याकडे किती वाजतां येतो?”

ती जराशी चिडली. “रात्रीं अकरा वाजतां येतो, मामा! आणि तेथें एकटा मुलगा असतो, एम. बी. बी. एस. होऊन वर्ष झालेला. रक्त तपासणारा तंत्रज्ञ संध्याकाळींच घरीं गेलेला असतो. बाहेर वीस माणसें उभीं असतात आणि त्यांतलीं दहा तरी ओरडत असतात.”

“बरें. त्या मुलाचें काय चुकतें?”

यावर ती थोडा वेळ कांहींच बोलली नाहीं. मग तिनें जें सांगितलें, तें तिच्या मसुद्यांत कोठेंच नव्हतें.

भातकापणीच्या दिवसांत जवळच्याच एका लहान रुग्णालयांत एका बाईस आणलें. पायास दांत लागलेले. साप कोणता तें कोणास सांगतां येत नव्हतें. अशा वेळीं करावयाची एक अगदीं साधी परीक्षा आहे. रोग्याचें दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ व कोरड्या कांचेच्या नळींत घ्यावयाचें, ती नळी न हलवितां वीस मिनिटें उभी ठेवावयाची, आणि मग एकदांच तिरपी करून पाहावयाची. रक्त साकळून गोळा झालेलें दिसलें तर तूर्त ठीक. पातळ राहून वाहूं लागलें, तर घोणस किंवा फुरसें यांसारख्या सापाच्या विषानें रक्ताची साकळण्याची शक्ति नाहींशी केली, असें समजून प्रतिविष द्यावयाचें. यास यंत्र नको, वीज नको, तंत्रज्ञ नको. त्या रात्रीं ही परीक्षा केली गेली. वीस मिनिटांनीं रक्त पातळच होतें. नियमाप्रमाणें प्रतिविषाच्या दहा कुप्या सलाइनमध्यें मिसळून शिरेंतून सुरू केल्या. पहिल्या कांहीं मिनिटांतच बाईच्या अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला आणि रक्तदाब कोसळला. घोड्याच्या रक्तापासून तयार केलेलें हें औषध कांहीं जणांस सोसत नाहीं, हें जाणणाऱ्या एका परिचारिकेनें ॲड्रिनॅलिनची सुई आधींच भरून ठेवली होती, म्हणून बाई वांचली. सकाळीं तिचा मुलगा शेतांत मारलेला साप घेऊन आला. ती दिवड होती, म्हणजे बिनविषारी.

मग रक्त कां साकळलें नाहीं? कारण नळी प्लॅस्टिकची होती. रक्त कांचेच्या पृष्ठास लागलें म्हणजे त्याच्या साकळण्याच्या क्रियेस चालना मिळते. प्लॅस्टिकच्या नळींत ती तशी मिळत नाहीं. कांचेची नळी साबणाच्या पाण्यानें धुतलेली असली, तरी तिच्यावर भरंवसा ठेवतां येत नाहीं. कांचेच्या नळ्या फुटतात, धुवाव्या लागतात. म्हणून त्या एकेक करून कपाटांतून गेल्या आणि त्यांच्या जागीं प्लॅस्टिकच्या आल्या. परीक्षेचा नियम भिंतीवर होता तसाच राहिला. जें विष अंगांत शिरलेंच नव्हतें, त्यावरील औषधानें एक बाई मरणाच्या दारापर्यंत जाऊन आली.

“दुसऱ्या दिवशीं मी आमचें कपाट उघडून पाहिलें,” भाची म्हणाली. “आमच्याकडेहि कांचेची एकहि नळी नव्हती. मग आजूबाजूच्या चार ठिकाणीं फोन केले. तिघांकडे नव्हत्या.”

“मग हें कां नाहीं लिहिलेंस?”

“परिषदेंत सांगण्यासारखें नाहीं वाटलें, मामा. फारच क्षुल्लक आहे. नळी कांचेची पाहिजे, एवढेंच तर!”

आमच्या मतें आपल्या विद्वत्सभांचा रोग या एका वाक्यांत सांपडतो. शिकलेल्या माणसास आपलें ज्ञान मोठें दिसावें असें वाटतें, आणि मोठें दिसण्यासाठीं तें दूरचें, अवघड व सर्वांगीण असावें लागतें अशी त्याची समजूत असते. जें त्यानें स्वतःच्या कपाटांत पाहिलें, तें त्यास घरगुती वाटतें. जें त्यानें दुसऱ्याच्या ग्रंथांत वाचलें, तें सभेस योग्य वाटतें. वास्तविक, त्या ग्रंथांतील मजकूर श्रोत्यानेंहि वाचलेला असतो, किंवा हवा तेव्हां तो वाचूं शकतो. भाचीच्या कपाटांत काय नव्हतें, हें मात्र तिनें सांगितल्याखेरीज त्याला कळावयाचें नसतें. जें ठाऊक असावयास हवें आणि जें प्रत्यक्ष घडतें, या दोहोंमध्यें एक फट असते. प्रस्तावाच्या अर्जांत ‘सत्राची गरज’ म्हणून जो रकाना असतो, तो ही फट दाखविण्यासाठींच असतो. देशांत ५८,००० माणसें मरतात, ही गरज खरी. परंतु त्या आंकड्याचें काय करावें, हें रात्रीं अकरा वाजतां एकट्या असलेल्या मुलास कळत नाहीं. चार फोन केले आणि तीन ठिकाणीं नळी नव्हती, हा आंकडा लहान असला तरी त्याचें काय करावें हें त्या मुलास तत्काळ कळतें.

त्या संध्याकाळीं आढाव्यास रजा मिळाली. नवें नांव असें ठरलें : ‘रात्रीं अकरा वाजतां आलेला सर्पदंश : कांचेची नळी आणि पहिलीं वीस मिनिटें’. प्रतिविषाचा इतिहास गेला, भावी दिशा गेल्या. चापड्यासारख्या सापाच्या विषावर आपलें प्रतिविष उपयोगी पडत नाहीं, कारण तें नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांसाठींच केलेलें असतें, हा भाचीच्या विशेष आवडीचा भाग होता. तोहि तिनें दुःखानें काढला. प्रस्तावांतून काय वगळलें हें परीक्षकास दिसत नाहीं, पण वगळलें आहे हें मात्र त्यास पहिल्या ओळींतच जाणवतें.

पुढें उद्दिष्टांचा प्रश्न आला, आणि येथें आमचें व्याकरण कांहींसें कामास आलें. ‘जाणीव होईल’, ‘महत्त्व समजेल’, ‘परिचय होईल’ या क्रियापदांत एक सोय आहे : तें घडलें कीं नाहीं, हें कोणास कधींच तपासतां येत नाहीं. अमेरिकेंत बेंजामिन ब्लूम व त्याचे सहकारी यांनीं १९५६ सालीं शिक्षणाच्या उद्दिष्टांची पायरीवार मांडणी केली, तेव्हांपासून अध्यापनशास्त्र हेंच सांगत आलें आहे कीं, उद्दिष्ट लिहितांना शिकणारा काय करील तें लिहा. वैद्यकाच्या शिक्षणापुरतें जॉर्ज मिलर यानें १९९० सालीं हें अधिक नेमकें केलें. माहीत असणें, कसें करावें हें माहीत असणें, करून दाखविणें, आणि कामाच्या जागीं प्रत्यक्ष करणें, अशा त्याच्या चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर उभें राहून चौथीचें आश्वासन देणें, हा बहुतेक प्रस्तावांचा दोष होय. भाचीनें मग तीनच उद्दिष्टें लिहिलीं. श्रोता योग्य नळी निवडून ही परीक्षा करून दाखवील. रक्त साकळलें तरी विष नाहींच असें न समजतां तो परीक्षा पुन्हां करील, आणि नाग व मण्यार यांच्या विषाची बाधा या नळींत दिसत नसल्यामुळें रोग्याच्या पापण्या, गिळणें व श्वास यांवर नजर ठेवील. प्रतिविष सुरू करण्यापूर्वीं तो ॲड्रिनॅलिन भरून हाताशीं ठेवील. तिन्ही वाक्यांतील क्रियापदें अशीं आहेत कीं, दाराशीं उभा असलेला कोणीहि तीं घडलीं कीं नाहीं हें सांगूं शकेल.

उद्दिष्टें बदललीं, तेव्हां सत्राचा सांचाहि बदलावा लागला. करून दाखविण्याचें उद्दिष्ट केवळ ऐकून साधत नाहीं. याविषयीं एक पुरावा भाचीनेंच शोधून काढला. कॅनडांतील डेव्हिस व त्याचे सहकारी यांनीं डॉक्टरांच्या परिषदा, कार्यशाळा इत्यादींवर झालेले तुलनात्मक प्रयोग गोळा करून १९९९ सालीं एक लेख प्रसिद्ध केला. नुसत्या व्याख्यानांनीं डॉक्टरांच्या कामाच्या रीतींत बदल होतो असें त्यांस दिसलें नाहीं. जेथें श्रोत्यांस बोलावयास व हातानें करावयास मिळालें, तेथें बदल होऊं शकतो असें दिसलें. तीस वर्षें व्याख्यानें देत आलेल्या माणसास हें वाचून फार आनंद झाला, असें आम्ही म्हणणार नाहीं.

सत्राचा नवा सांचा मात्र त्या नळीनेंच सुचविला. परीक्षेस वीस मिनिटें लागतात. मग सत्राच्या आरंभींच भाचीनें सर्वांसमक्ष स्वतःचें रक्त देऊन तें एका कांचेच्या व एका प्लॅस्टिकच्या नळींत घ्यावें, बुचें लावून दोन्ही नळ्या मेजावर उभ्या कराव्या, आणि रक्त आपलें काम करीत असतां त्या रात्रीची हकीकत सांगावी. प्रत्येक टप्प्यावर श्रोत्यांस थांबवून विचारावें कीं, आतां तुम्ही काय कराल? वीस मिनिटें भरलीं म्हणजे नळ्या तिरप्या कराव्या. उरलेल्या वेळांत प्रत्येक मेजावर नळ्यांचा एकेक संच देऊन त्यांतून योग्य ती निवडावयास लावावी. वक्त्यांची यादीहि बदलली. चार नामवंतांच्या जागीं एक विषवैद्यकाचे जाणते डॉक्टर, एका प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तरुण वैद्यकीय अधिकारी, आणि ज्यांनीं त्या रात्रीं सुई भरून ठेवली होती त्या परिचारिका. “परिषदेंत परिचारिका वक्ता म्हणून?” असें भाचीच्या एका वरिष्ठांनीं विचारलें. त्या खोलींत पुढें काय होणार हें ज्या एका व्यक्तीनें ओळखलें होतें, तिला बोलावूं नये तर कोणाला बोलवावें, असें भाचीनें त्यांस विचारलें. त्यावर ते कांहीं बोलले नाहींत.

हा सांचा पाहून आम्हांस रॉबर्ट कॉख याच्या एका सभेची आठवण झाली. क्षयरोगाचा जंतु सांपडल्याचें त्यानें २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिनच्या शरीरक्रियाशास्त्र-मंडळाच्या बैठकींत जाहीर केलें. कॉख हा कांहीं फर्डा वक्ता नव्हता. तो अडखळत बोले. परंतु त्यानें बरोबर आपली प्रयोगशाळाच उचलून आणली होती. सूक्ष्मदर्शक यंत्रें, जंतूंचीं संवर्धनें आणि शेंकडों तयार केलेले नमुने त्यानें मेजांवर मांडून ठेवले. भाषण संपल्यावर टाळ्या झाल्या नाहींत, वादहि झाला नाहीं; लोक मुकाट्यानें उठून सूक्ष्मदर्शकाशीं गेले व स्वतःच्या डोळ्यांनीं पाहूं लागले. श्रोत्यास आपल्या शब्दावर विश्वास ठेवावयास न सांगतां त्याच्या डोळ्यांपुढें वस्तु ठेवणें, याहून श्रोत्याचा मोठा आदर आम्हांस दुसरा ठाऊक नाहीं.

परंतु त्याच कॉखची दुसरीहि एक सभा आहे, आणि प्रस्ताव लिहिणाऱ्यानें तीहि ध्यानांत ठेवावी. १८९० च्या ऑगस्टांत बर्लिन येथें दहावी आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषद भरली. तेथें त्यानें क्षयजंतूंची वाढ रोखणारें द्रव्य आपणांस सांपडल्याचें सांगितलें. प्रयोग पुरे झाले नव्हते, आणि तें द्रव्य कशाचें केलें आहे हें त्यानें प्रथम उघड केलें नाहीं. बातमी जगभर गेली. वर्षअखेरपर्यंत आशेनें झपाटलेले क्षयरोगी बर्लिनकडे लोटले. पुढच्याच वर्षीं तें द्रव्य रोग बरा करीत नाहीं असें दिसून आलें, व कित्येकांस त्यापासून अपायहि झाला. ‘ट्युबरक्युलिन’ या नांवाचें तें द्रव्य पुढें रोगाच्या परीक्षेपुरतें उपयोगी ठरलें, ही गोष्ट वेगळी. पहिल्या सभेंत त्यानें हातीं होतें तेवढेंच सांगितलें. दुसऱ्या सभेंत सभेस हवें होतें तें सांगितलें.

ही गोष्ट आम्हीं भाचीस सांगितली, ती उपदेश म्हणून नव्हे. पण तिनें ती मनावर घेतली. प्रस्तावांत तिनें लिहिलें होतें कीं, प्लॅस्टिकच्या नळींत रक्त वीस मिनिटांत साकळत नाहीं. गांवीं परतल्यावर तिनें स्वतःच्या व दोन सहकाऱ्यांच्या रक्तावर हा प्रयोग करून पाहिला. कांचेच्या तिन्ही नळ्यांत रक्त साकळलें. प्लॅस्टिकच्या दोहोंत पातळ राहिलें. तिसरींत मात्र अर्धवट गोळा धरला. तिनें फोन करून विचारलें, “आतां काय लिहूं?” आम्ही म्हणालों, “दिसलें तेंच.” त्याप्रमाणें, प्लॅस्टिकच्या नळीवर कोणत्याहि बाजूनें भरंवसा ठेवतां येत नाहीं, असें वाक्य तिनें केलें. तें पहिल्याइतकें ठसठशीत नाहीं. परंतु सर्वांसमक्ष नळी तिरपी करतांना आतां तिच्या हातास कंप सुटणार नाहीं. अनपेक्षित घडलें, तरी तेंहि तिच्याच म्हणण्याचा पुरावा ठरेल.

मध्यंतरीं एका औषधाच्या कंपनीनें सत्राचा खर्च उचलण्याची इच्छा दर्शविली. कंपन्यांकडून भेटी, प्रवास व पाहुणचार घेण्यास डॉक्टरांस २००९ सालीं आचारनियमांतच मनाई करण्यांत आली; तथापि सत्रांस आश्रय देण्याच्या वाटा पुष्कळ असतात. भाचीनें हिशेब मांडला. सत्रास नळ्यांची एक पेटी लागणार होती, आणि ती तिच्या स्वतःच्या पगारांत सहज येण्यासारखी होती. ज्या सत्रांत प्रतिविष केव्हां देऊं नये हेंहि सांगावयाचें आहे, त्या सत्रावर तें बनविणाऱ्यांचें नांव नको, एवढें तिनें कळविलें. अर्जांतील पैशाच्या संबंधांच्या रकान्यांत ‘कांहीं नाहीं’ असे दोन शब्द लिहितांना तिला जें समाधान झालें, तें सबंध प्रस्तावांत दुसरें कोठें झालें नसेल.

शेवटची कसोटी आमच्या सौभाग्यवतींनीं घेतली. त्यांचा वैद्यकाशीं संबंध घरांतील खोकल्यापुरता. तो अडीचशें शब्दांचा मसुदा त्यांच्यापुढें ठेवून, यावरून तुम्हांस काय समजलें तें सांगा, अशी विनंति केली. त्यांनीं चष्मा पुसून वाचला आणि म्हणाल्या, “कांचेच्या नळ्या आधीं आणून ठेवा, आणि औषध सुरू करण्याआधीं उलटलें तर काय करायचें त्याची तयारी ठेवा. असेंच ना?” गेल्या वर्षींचा मसुदा वाचून त्यांनीं “छान लिहिलें आहे” असें म्हटलें होतें. ज्यांस प्रस्ताव लिहावयाचा असेल त्यांनीं तो घरांतील एखाद्या समजूतदार, परंतु त्या विषयांत नसलेल्या माणसास वाचावयास द्यावा. आणि ‘छान’ असें उत्तर आलें, तर तो पुन्हां लिहावा.

प्रस्ताव गेला. निकालास अवकाश होता, आणि तेवढ्यांत पावसाळा येणार होता. पावसाळा म्हणजे सापांचे दिवस. ते समितीच्या निर्णयासाठीं थांबत नाहींत. म्हणून भाचीनें तालुक्यांतील वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मासिक बैठकींत एक तास मागून घेतला आणि तें सत्र तेथेंच करून पाहिलें. अकरा माणसें होतीं. वीज मध्यें दोनदां गेली. नळ्या तिरप्या केल्या, तेव्हां मागें बसलेले एक वयस्क डॉक्टर उठून पुढें आले, त्यांनीं दोन्ही नळ्या हातीं घेऊन उजेडाशीं धरल्या आणि “माझ्याकडे कोणत्या आहेत तें पाहावें लागेल,” एवढेंच म्हणाले. त्या आठवड्यांत कांचेच्या नळ्यांसाठीं पांच आरोग्य केंद्रांकडून मागणी आली. परिषदेंतील सत्राचें मोल तेथील टाळ्यांवरून करावें कीं या मागणीच्या कागदांवरून, हें वाचकांनींच ठरवावें.

समितीचें उत्तर पुढें महिन्यानें आलें. प्रस्ताव मान्य झाला होता. मात्र दालनांची अडचण असल्यामुळें साठ मिनिटांऐवजीं पंचेचाळीस मिनिटें मिळतील, असें लिहिलें होतें. त्या रात्रीं भाचीचा फोन आला. कोठें कापावें यावर आमची बरीच चर्चा झाली. पाहुण्यांची ओळख दोन मिनिटांवर आली, प्रास्ताविक गेलें, आभार एका वाक्यांत बसले, विषवैद्यकाच्या डॉक्टरांनीं आपल्या वेळांतून पांच मिनिटें आनंदानें सोडलीं. राहतां राहिलीं तीं रक्ताचीं वीस मिनिटें. त्यांस कोणाच्यानें हात लावतां येईना. परिषद अजून व्हावयाची आहे.